पदरमोडीचे पुस्तक आणि संपादकाचे मोल



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत अनेक वर्षे मराठी शिकविले. परंतु शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी ज्या वह्या येत, त्या केवळ विद्यार्थ्यांच्या नसत. कोणी आपल्या कवितांची वही, कोणी कुलवृत्तान्त, कोणी नाटकाची संहिता घेऊन येई आणि ‘गुरुजी, एकदा नजरेखालून घाला’ असे म्हणून ठेवून जाई. गुरुजी त्या वह्या नजरेखालून घालीत. त्यांच्या या दुसऱ्या, कोणत्याही सेवापुस्तकात नोंद न झालेल्या कामाचे स्मरण म्हणून मी आजचा विषय निवडला आहे. प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि स्मृतिव्याख्यानाला तो काहीसा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. प्रश्न असा : जो लेखक स्वतःच्या खर्चाने आपले पुस्तक प्रसिद्ध करतो, त्याने व्यावसायिक संपादकाला पैसे देऊन आपले हस्तलिखित आधी तपासून घ्यावे काय?

हा प्रश्न आपल्या गावाला परका नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. ‘तरुण भारत’ येथे १९१९ पासून निघते. १९२९ साली शि. म. परांजपे यांच्या आणि १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलने या गावात भरली. आजही कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा आसपासच्या गावांत ग्रामस्थ पदरचा पैसा घालून साहित्य संमेलने भरवितात, मांडवात पुस्तके प्रकाशित होतात आणि हातोहात खपतातही. वाचणारे आहेत, लिहिणारे आहेत. मात्र मराठीतील मोठे प्रकाशक प्रामुख्याने पुण्या-मुंबईत. तिकडे हस्तलिखित पाठवावे, वर्ष-दीड वर्ष उत्तराची वाट पाहावी आणि शेवटी ते साभार परत यावे किंवा काहीच कळू नये, हा अनुभव येथल्या लेखकाला नवा नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी लेखकाची स्थिती यापेक्षा फार निराळी असेल असे वाटत नाही. साहजिकच तो भविष्यनिर्वाह निधीतून थोडी रक्कम काढतो, मुलांच्या विरोधाला न जुमानता ती छापखान्यात नेऊन भरतो आणि स्वतःच प्रकाशक होतो. मी अशा लेखकाला हसणाऱ्यांपैकी नाही. आपल्या भागातील किती तरी शेतीच्या रीती, जत्रा, ओव्या, गिरणीकामगारांच्या आणि शिक्षकांच्या आठवणी अशा पदरमोडीच्या पुस्तकांतूनच टिकल्या आहेत.

परंतु गेल्या काही वर्षांत एक बदल झाला आहे, त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. पूर्वी खिळ्यांचा छापखाना होता. जुळारी एकेक खिळा हाताने जुळवी. म्हणजे लेखकाचे प्रत्येक अक्षर निदान एका माणसाच्या नजरेखालून आणि बोटांखालून जाई. मग कच्ची मुद्रिते निघत, छापखान्याचा मुद्रितशोधक ती तपाशी, लेखक तपाशी, पुन्हा मुद्रिते निघत. जुना जुळारी फारसा शिकलेला नसला तरी ‘साहेब, हे वाक्य दोनदा आले आहे’ एवढे तो निश्चित सांगे. आज लेखक स्वतः संगणकावर टंकलेखन करतो, पाने लावून घेतो आणि ती फाईल थेट यंत्रात जाते. पूर्वी पाचशे-हजार प्रतींखाली पुस्तक काढणे परवडत नसे. आता पन्नास प्रतीही निघतात. ही सोय मोठीच आहे. पण या सोयीमध्ये मधली सगळी माणसे गळाली. पुस्तक लिहिणारा आणि ते विकत घेणारा यांच्यामध्ये आज कोणीही नसतो. पहिला परका वाचक तोच असतो ज्याने पैसे मोजलेले आहेत. संपादकाचा प्रश्न आज तातडीचा झाला आहे तो या कारणाने.

येथे शब्दांचा थोडा उलगडा करावा लागेल. कारण ‘जरा तपासून द्या’ या एका वाक्यात आपण तीन निरनिराळी कामे कोंबतो. पहिले काम मुद्रितशोधनाचे : ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे, सुटलेले शब्द, चुकलेले पृष्ठांक. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा आणि १९७२ साली आणखी चार असे लेखनाचे नियम सिद्ध केले, मो. रा. वाळंबे, अरुण फडके यांच्यासारख्यांनी ते सर्वसामान्यांना सुलभ करून दिले. दुसरे काम भाषिक संस्करणाचे : वाक्य लंगडते कोठे, कर्ता एक आणि क्रियापद दुसऱ्याचेच असे झाले आहे काय, एकाच माणसाचे नाव तीन प्रकारे लिहिले आहे काय. तिसरे, आणि सर्वांत अवघड, काम संपादनाचे : हे प्रकरण येथे हवे काय, ज्या घटनेसाठी वाचक थांबला आहे ती दोन ओळींत का उरकली, आणि ज्याची कोणाला जिज्ञासा नाही त्या सत्कारसमारंभाला बारा पाने का दिली.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्याकडील एखाद्या निवृत्त गृहस्थाने आठवणी लिहिल्या आणि त्यांत ‘१९५६ साली आमचा भाग कर्नाटक राज्यात गेला’ असे वाक्य आले. मुद्रितशोधकाला त्यात काही वावगे दिसणार नाही. सर्व अक्षरे शुद्ध आहेत. संस्करण करणाराही पुढे जाईल. वाक्य सरळ आहे. संपादक मात्र थांबेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग गेला तो म्हैसूर राज्यात. त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले ते १९७३ साली. लेखकाला सर्व ठाऊक असते, लिहिण्याच्या ओघात आजचे नाव कालच्या गोष्टीला चिकटते. पण उद्या कोणी अभ्यासक हे पुस्तक साधन म्हणून उघडील, तेव्हा हे एक वाक्य पाहून तो उरलेल्या दोनशे पानांवरचा विश्वास काढून घेईल. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी तो काळ पाहिला, त्याची साक्ष एका शब्दामुळे बाद ठरावी, हे नुकसान लेखकापुरते राहत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, स्वतः पुस्तक काढणारा मनुष्य लेखक तर असतोच, पण तो त्या क्षणापासून प्रकाशकही होतो. आपल्याकडे मुद्रक आणि प्रकाशक यांतील भेद पुसट झाला आहे. कागद, शाई आणि बांधणी एवढे करणारा तो मुद्रक. काय छापावे, कोणत्या स्वरूपात छापावे आणि त्याची जबाबदारी कोणी घ्यावी, हे ठरविणारा तो प्रकाशक. चांगला प्रकाशक संपादकाचे वेतन पुस्तकाच्या किमतीतूनच काढतो. लेखकाला मानधन म्हणून किमतीचा लहानसा हिस्सा मिळतो, त्यामागे हाही एक खर्च असतो. म्हणजे लेखक संपादनाचे मोल नेहमी देतच आला आहे, फक्त ते त्याला दिसत नव्हते. स्वतः प्रकाशक झालेल्याने नफ्याचा अधिकार घ्यावा आणि हे कर्तव्य मात्र टाळावे, हे न्यायाचे नव्हे.

संपादन ही काही परदेशातून आलेली चैन आहे असाही समज दिसतो. मराठीत त्याची परंपरा मुद्रणाहून जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांच्या हस्तांतरात पोथीमध्ये पाठभेद शिरले होते. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. नाथ स्वतः थोर कवी होते. ज्ञानेश्वरांच्या ओवीला आपली ओवी जोडण्याचे सामर्थ्य त्यांच्याइतके कोणात होते? तरीही त्यांनी ती जोडली नाही. दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावताना आपली प्रतिभा बाजूला ठेवणे, ही संपादकाची पहिली कसोटी. ती आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वीच घालून दिलेली आहे.

अलीकडच्या काळातले नाव घ्यायचे तर श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचे घ्यावे लागेल. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, पण कथा परत पाठविताना तीत काय उणे आहे हे लेखकाला पत्राने कळविण्याची जी रीत या संपादकांनी पाळली, तिची आठवण मराठी लेखक अजून काढतात. आपल्या परिसराशी निगडित असलेले जी. ए. कुलकर्णी यांचेच पाहा. ते राहिले धारवाडला, शिकविले इंग्रजी, आणि मुंबई-पुण्याच्या साहित्यिक वर्तुळापासून कटाक्षाने दूर राहिले. तरी त्यांचा संपादक-प्रकाशकांशी पत्रव्यवहार अखंड चाले. साहित्यसभेला न जाणारा हा लेखक जाणत्या वाचकाच्या नजरेपासून मात्र दूर राहिला नाही. अंतर हा अडसर नव्हता. टपालखाते पुरेसे होते.

आता आक्षेपांकडे वळू. त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप मी प्रथम घेतो. संपादक म्हणजे द्वारपाल. तो आपल्या अभिरुचीबाहेरचे जे जे असेल ते बाहेर ठेवतो, असे म्हटले जाते. हे खोटे नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले, ते नाकारले गेले. १८७३ साली ‘गुलामगिरी’ निघाले, त्यानंतर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीरावांची टिंगल केली ती मोठ्या प्रमाणात भाषेच्या आणि व्याकरणाच्या आधाराने. जोतीरावांनी मान्यवरांच्या पसंतीची वाट पाहिली असती, तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते! पुढे १९६०नंतरच्या लघुनियतकालिकांच्या लेखकांनीही प्रस्थापित संपादनाविरुद्ध बंड केले, आणि त्या बंडातून मराठी कवितेला नवी भाषा मिळाली. शुद्धलेखन हे पुष्कळदा दुसऱ्याचे तोंड बंद करण्याचे साधन झाले आहे, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पण या आक्षेपाचा नीट विचार केला तर तो आपल्या प्रश्नाला विरोधी नाही, पोषकच आहे. द्वारपालाचे सामर्थ्य कशात असते? पुस्तक छापावे की न छापावे, हा निर्णय त्याच्या हाती असतो यात. स्वतः प्रकाशक झालेल्या लेखकाने तो निर्णय आधीच आपल्या हाती घेतलेला आहे. त्याने नेमलेला संपादक त्याला सल्ला देऊ शकतो, अडवू शकत नाही. दार लेखकाचे, किल्ली लेखकाची. संपादक केवळ उंबरठ्यावर ठेच लागेल एवढे सांगणारा. या नात्यात संपादकाची हुकमत नाहीशी होते आणि त्याचे ज्ञान तेवढे उरते.

दुसरा आक्षेप बोलीचा. पुण्याचा संपादक आमच्या लेखनातले ‘परडे’ खोडून ‘परसदार’ करील, आमच्या बोलण्यात मिसळलेला कानडी शब्द ‘अशुद्ध’ म्हणून काढील, ही भीती सीमाभागातील लेखकाला वाटते आणि ती अनाठायी नाही. पण आपल्यापुढे दुसरीही उदाहरणे आहेत. लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेचे शिक्षण घेतलेले नव्हते; त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांची घरगुती, खट्याळ बोली छापील पानापर्यंत शाबूत पोहोचली. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेव चौधरींनी आणि आप्तांनी उतरवून ठेवली आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. त्या वेळी कोणी त्या खानदेशी बोलीचे ‘शुद्धीकरण’ केले असते तर आज आपल्या हाती काय राहिले असते? काय बदलायचे नाही हे ओळखणे, हेही संपादनच आहे, आणि ते ओळखायला अधिक जाण लागते. म्हणून आपल्याकडील लेखकाने संपादक शोधताना त्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा की, ‘माझ्या बोलीचे तुम्ही काय कराल?’ जो ‘प्रमाण करून देतो’ असे तत्परतेने सांगेल, त्याला नमस्कार करून निघावे.

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे. संगणकात शब्दतपासणीची सोय आहे, आता तर यंत्र सबंध परिच्छेदही सुधारून देते. मग माणसाला पैसे कशाला द्यावेत? यंत्राची मदत जरूर घ्यावी. डोळ्यांतून सुटणारी पुष्कळ चूक ते पकडते. परंतु ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ हे सारे शब्द शुद्धच आहेत. कोणता कोठे हवा, ते अर्थावरून ठरते, आणि तेथे यंत्र फसू शकते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. यंत्र ज्या मराठीकडे वाक्य ओढते ती सरासरीची मराठी असते. ‘परडे’ पुसण्याचे जे भय आपण पुण्याच्या संपादकापाशी धरतो, ते येथे अधिक धरावयास हवे. कारण संपादकाशी भांडता येते, आणि भांडणात कधी कधी त्याला आपले म्हणणे पटतेही.

आता चौथा आक्षेप. आणि माझ्या मते आजच्या विषयाचे मर्म यातच आहे. लोक म्हणतात, ‘पैसे देऊन कशाला? आपल्याकडे गुरुजी आहेत की.’ मी आरंभी ज्या वह्यांचा उल्लेख केला त्या याच रीतीच्या. ही रीत सुंदर आहे, तिच्यात आपल्या समाजाचा जिव्हाळा आहे. लेखक वही देतो, गुरुजी वाचतात, प्रकाशनसमारंभात त्यांना शाल आणि श्रीफळ मिळते, ‘ऋणनिर्देश’ या शीर्षकाखाली एक ओळ मिळते. परंतु या रीतीत एक अडचण आहे, ती बोलण्याचा आपल्याला संकोच वाटतो. फुकट काम करणाऱ्याला खरे बोलता येत नाही, आणि फुकट काम करवून घेणाऱ्याला पुन्हा विचारता येत नाही.

विचार करून पाहा. लेखक आहे शेजारचा, नात्यातला, किंवा आपलाच जुना विद्यार्थी. त्याने मोठ्या आदराने वही आणून दिली. तिसरे प्रकरण सबंध गाळावे असे गुरुजींना वाटते. ते कसे सांगावे? त्या प्रकरणात त्याच्या दिवंगत वडिलांचे वर्णन आहे. गुरुजी चार वेलांट्या दुरुस्त करतात आणि ‘छान झाले आहे, छापा’ म्हणतात. इकडे लेखकाची अवस्था अशी की, चार महिने झाले, वही परत आलेली नाही. पण विचारणार कसे? उपकार करणाऱ्याला तगादा लावता येत नाही. शेवटी वही येते तेव्हा मांडव ठरलेला, पाहुणे ठरलेले. ज्या दोन प्रकरणांविषयी शंका होती त्यांविषयी पुन्हा बसून बोलायला सवड नसते. दोघांच्याही मनात एकमेकांविषयी प्रेम आहे, आणि नेमके त्यामुळे पुस्तकाचे काम अर्धे राहिले.

मोल ठरले की हे नाते बदलते. ज्याने पैसे घेतले त्याच्यावर खरे सांगण्याचे बंधन येते; ज्याने दिले त्याला ‘हे असे का?’ असे चारदा विचारण्याचा हक्क येतो. आपल्याकडे विद्येचे मोल घेणे कमीपणाचे मानण्याचा संस्कार आहे. पण आपण घर बांधताना गवंड्याला मजुरी देतो, ती त्याच्या कसबाचा अपमान म्हणून नव्हे. उलट मजुरी दिल्यानेच ‘ही भिंत ओळंब्यात नाही’ असे आपल्याला सांगता येते. मी पैशाला सत्याची हमी म्हणत नाही. मोबदला घेऊन तोंडपुजेपणा करणारेही आहेत; ‘संपादनासह सर्व सेवा’ अशी जाहिरात करून, यंत्रातून एकदा फाईल फिरवून पैसे घेणारेही आहेत. मोलामुळे खरे बोलणे शक्य होते, एवढेच माझे म्हणणे. ते प्रत्यक्षात येण्यासाठी लेखकाने व्यवहार नीट ठरविला पाहिजे.

तो कसा ठरवावा, ते थोडक्यात सांगतो. समजा, पुस्तक १६० पानांचे आहे. म्हणजे सोळा पानी फॉर्म धरले तर दहा फॉर्म, सुमारे ४०,००० शब्द. लक्षपूर्वक संपादन करणारा तासाला पाच पानांहून फार पुढे जात नाही, असे धरले तर पहिल्या वाचनाला ३२ तास लागतील. दुरुस्त्या झाल्यावर दुसरे वाचन तासाला सोळा पानांच्या गतीने, म्हणजे आणखी १० तास. एकूण ४२ तास. रोज सात तास धरले तर सहा दिवसांचे काम. कुशल कारागिराच्या सहा दिवसांच्या मजुरीखाली जो कोणी हे करून देतो असे सांगेल, तो वाचणार नाही असे खुशाल समजावे. आणि लेखकाने आपल्या अंदाजपत्रकात पाहावे की, गुळगुळीत रंगीत मुखपृष्ठ, मांडव, ध्वनिक्षेपक, अल्पोपाहार आणि हारतुरे यांना किती रक्कम ठेवली आहे. समारंभ दोन तासांत संपतो, पुस्तक मागे राहते. ज्यात खर्च कमी करायचा असेल त्यात समारंभाचा क्रम पहिला असावा आणि संपादनाचा शेवटचा.

सबंध हस्तलिखित देण्यापूर्वी एक प्रकरण, दहा-बारा पाने, मोबदला देऊन तपासून घ्यावे. त्यावरून संपादकाची जात कळते : तो प्रश्न विचारतो की नुसतीच वाक्ये बदलतो; लेखकाचा सूर त्याला ऐकू येतो की तो आपलाच सूर लावतो. केलेली प्रत्येक दुरुस्ती दिसेल अशी असावी. संगणकावर आता ती सोय आहे. मुद्रितशोधन, संस्करण आणि संपादन यांपैकी कोणते काम, किती वाचने आणि किती मुदतीत, हे कागदावर लिहून घ्यावे. शेवटचा शब्द लेखकाचा राहील, हेही त्यात असावे. आणि संपादकाचे नाव पुस्तकात छापावे. ज्याचे नाव छापले जाणार आहे तो अधिक काळजी घेतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

आणि ज्याच्यापाशी हे मोल देण्याइतकाही पैसा नाही त्याने काय करावे? त्याने लिहू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तेथे श्रमाचा विनिमय हा मार्ग आहे. १९७६च्या सुमारास मुंबईत आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि अरुण कोलटकर या कवींनी एकत्र येऊन ‘क्लिअरिंग हाउस’ या नावाने आपली पुस्तके आपणच काढली. कोलटकरांचे ‘जेजुरी’ त्यातूनच आले. लेखकांनी एकमेकांचे प्रकाशक होण्याचे हे उदाहरण आहे. आपल्याकडील चार-पाच लेखकांनी असे मंडळ करावे. एकाचे हस्तलिखित दुसऱ्याने वाचावे, दुसऱ्याचे तिसऱ्याने; अट एकच, की वाचणाऱ्याने लेखी टिपण द्यावे आणि ते मुदतीत द्यावे. येथेही मोल आहेच, फक्त ते नाण्यांत नाही. मी तुझ्या पुस्तकाला तीस तास दिले, तू माझ्या पुस्तकाला दे. या बरोबरीतूनही खरे बोलण्याचा हक्क निर्माण होतो. आणि संमेलने भरविणाऱ्या मंडळांनी आपल्या खर्चातला एक लहानसा भाग दरवर्षी एका हस्तलिखिताच्या संपादनासाठी राखून ठेवला, तर पाच वर्षांत पाच चांगली पुस्तके या परिसराच्या नावावर जमा होतील.

गुरुजींसारख्यांची रीत बंद करावी असे मी सुचवीत नाही. गुरुजींकडे वही न्यावी. पण जाताना सन्मानपूर्वक मोबदल्याचे पाकीट न्यावे आणि सांगावे, ‘गुरुजी, मला गुण नकोत, दोष हवेत.’ निवृत्त मराठी शिक्षक आपल्या गावोगावी आहेत. त्यांच्या ज्ञानाला शालीऐवजी कामाचा मोबदला मिळू लागला, तर संपादकासाठी आपल्याला पुण्याकडे पाहावे लागणार नाही. आणि जो ‘परडे’ म्हणजे काय ते जाणतो असाच माणूस आपल्या पुस्तकाला मिळेल.

शेवटी विद्यार्थी मित्रांसाठी एक गोष्ट. पदरमोडीने काढलेल्या पुस्तकाच्या पाच-दहा प्रती लेखक मोठ्या प्रेमाने शाळेला भेट देतो. त्या शाळेच्या ग्रंथालयातील कपाटात राहतात. ज्या मुलाच्या घराबाहेरच्या पाट्या, बसवरची नावे, कार्यालयातले अर्ज दुसऱ्या भाषांत आहेत, तो मुलगा आपली भाषा छापील स्वरूपात पाहतो ती पाठ्यपुस्तकात, वर्तमानपत्रात आणि या पुस्तकांत. पुस्तकातले वाक्य हे त्याच्या दृष्टीने प्रमाण असते. छापले आहे म्हणजे बरोबर असणार, एवढा विश्वास तो टाकतो. त्याच्या गावातल्या माणसाने, त्याच्या गावातल्या बोलीत लिहिलेले पुस्तक नेटके, खरे आणि सुसंगत निघाले, तर आपल्या गावाचे बोलणेही ग्रंथात बसते असे त्याला वाटेल. तेच पुस्तक शेवटी दोन पानांचे शुद्धिपत्र घेऊन आले, किंवा शुद्धिपत्राचीही तसदी न घेता आले, तर आपल्या भाषेत असेच चालते, ही शिकवण त्याला मिळेल. सहा दिवसांची मजुरी वाचवून आपण त्याला कोणती शिकवण देतो आहोत, हे प्रत्येक लेखकाने छापखान्याची पायरी चढण्यापूर्वी मनाशी ठरवावे.